रिकाम्या मॅगझिनसकट

त्या शनिवारी वेल्डा स्ट्राउडला न्याहारी गेली नाही. नवऱ्याने, डबने, बटाटा-अंड्याचा बरिटो फॉइलमध्ये गुंडाळून हातात दिला, तर तो तसाच ट्रकच्या डॅशबोर्डवर गार होत पडला. साठी ओलांडलेली बाई, गावातल्या निम्म्या डोक्यांचे केस कापणारी, आणि आज परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी धास्तावलेली. कारण आज तिचं नवं पिस्तूल लोकांसमोर यायचं होतं.

नवं म्हणजे तिनेच जुळवलेलं. गेल्या वर्षी शिडीवरून पडून तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. तिचं प्लॅस्टिकच्या फ्रेमचं हलकं पिस्तूल दर गोळीला हातातून उसळायचं, मध्येच अडकायचं. नेमबाजी क्लबच्या चौघांच्या संघात ती कित्येक वर्षं होती, पण आता लोक तिला 'जरा आराम करा' असं गोड आवाजात सांगायला लागले होते. वेल्डाला त्या गोड आवाजाची चीड यायची. तिने हिवाळाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर ठाण मांडलं. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, आणि नळी जुनीच ठेवली आणि खाली बसवायला पोलादी फ्रेम मागवली. तिचं पिस्तूल तिसऱ्या पिढीचं, म्हणजे त्या बनावटीच्या जुन्या आवृत्तीचं, म्हणून फ्रेमही त्याच पिढीची. मग गोळ्यांच्या मॅगझिनला पितळी बूड, ते पटकन सरकवायला मुठीच्या तोंडाशी पितळी नरसाळं, स्लाइडच्या स्प्रिंगमध्ये जड टंगस्टनची दांडी. मिळेल तिथे वजन वाढवलं. पहिल्यांदा झाडून पाहिलं तेव्हा पिस्तूल हातात असं शांत बसलं, की तिला रडूच आलं. ओट्यावरच्या वजनकाट्यावर तोलून पाहिलं, तर स्पर्धेच्या वजनमर्यादेच्या जरा आतच होतं.

राज्य स्पर्धेच्या संघातल्या तीन जागा ठरल्या होत्या. चौथी आज ठरणार होती, वेल्डा आणि ब्रिसा लुहान यांच्यात. ब्रिसा इस्पितळात नर्स, वेल्डाच्या निम्म्या वयाची, आणि हात असा स्थिर की बघणाऱ्याने हेवा करावा.

सामन्याआधी वजनाच्या टेबलावर हॉइट बार्लो बसला होता. हा वेल्डाचा शाळेपासूनचा मित्र. त्याने पिस्तूल काट्यावर ठेवलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"वेल्डा, जास्त भरतंय गं."

"तुझा काटा बिघडलाय. मी घरी तोललंय."

"मॅगझिन घालून तोललंस?"

वेल्डाचा चेहरा उतरला. नियम रिकाम्या मॅगझिनसकट वजनाचा होता, हे ती दुसऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. आणि स्वतः मात्र नुसतंच तोललं होतं. त्यात त्या मॅगझिनला पितळी बूड. हॉइटने हळूच सांगितलं, की असंच उतरलीस तर वजनाची अट नसलेल्या खुल्या गटात टाकावं लागेल, म्हणजे संघाची जागा गेली. तिचा पुकारा होईपर्यंत काय काढता येईल ते काढ, एवढीच मुभा.

बातमी मैदानभर पसरली. आणि मग जे नेहमी होतं तेच झालं. जो तो आपली पिशवी उघडून तिच्याकडे धावला. सुरक्षा टेबलावर पिस्तूल उघडता येतं, पण तिथे एकही गोळी आणायची नाही, म्हणून मंडळी खिसे चाचपून रिकामे करून येत होती. डबने पितळी बूड काढून प्लॅस्टिकचं बसवलं. नरसाळं निघालं. मुठीच्या बाजूच्या धातूच्या पट्ट्या गेल्या, त्या जागी कुणाच्या तरी रबरी आल्या. हिवाळाभर जे एकेक करून चढवलं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत उतरत होतं. प्रत्येक वेळी हॉइटच्या काट्याकडे धाव आणि प्रत्येक वेळी हॉइटची मान नकारार्थी. शेवटी केसभर वजन जास्त राहिलं.

उरली टंगस्टनची दांडी. ती काढून प्लॅस्टिकची घातली की काम फत्ते, पण तिची मूळची घरी राहिली होती. गावच्या पाद्रीबाबांनी आपली दिली, क्लबातल्या दोघा भावांनी दिली, एका म्हाताऱ्याने ट्रकमधून डबाच आणला. पण सगळ्या चौथ्या पिढीच्या. त्यांची स्प्रिंग जाड, तिच्या स्लाइडमध्ये शिरेचना. अख्ख्या मैदानावर तिसऱ्या पिढीचं पिस्तूल आणखी एकाच माणसाकडे होतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि कुणी त्या दिशेने बघत नव्हतं.

ब्रिसा आपली फेरी आटोपून, गुण नोंदवून आली होती. तिने पिशवीच्या तळातून एक काळी दांडी काढली, कारखान्यातून आलेली, कधी न वापरलेली.

"घ्या, मिस वेल्डा."

"अगं, कळतंय ना तुला काय करतेयस?"

"मला तुम्हाला हरवायचंय. काट्याने तुम्हाला हरवलं, तर मी घरी जाऊन काय सांगू?"

दांडी खटकन बसली. हॉइटने तोललं, आणि या वेळी मान होकारार्थी हलली.

पण आता पिस्तूल वेगळंच झालं होतं, आणि चालवून बघायची सोय नव्हती. चालतं की अडकतं, हे भोंगा वाजल्यावरच कळणार. वेल्डा रेषेवर उभी राहिली. तिने आवाज अडवणारे कानातले बोळे घट्ट दाबले. भोंगा वाजला. पहिली गोळी सुटली, उसळी आली, पण खालचं पोलाद जागचं हललं नाही. पुढची सुटली. मग तिने विचार करणं सोडून दिलं. कागदी लक्ष्यं फाटत गेली, लोखंडी पत्रे खणखणत पडत गेले, मनगट ठणकत होतं आणि तिला त्याची पर्वा नव्हती. शेवटचा पत्रा क्षणभर डगमगला आणि आडवा झाला. मागून डबने ठोकलेली आरोळी पार महामार्गापर्यंत गेली असेल.

टॅबलेटवर निकाल आला. वेल्डा पुढे होती, अगदी थोडीशी. गर्दी तिच्यावर कोसळली. गर्दीतून वाट काढत ती सुरक्षा टेबलाशी गेली, पिस्तूल उघडलं, दांडी पुसली आणि ब्रिसापुढे धरली. ब्रिसाचे डोळे लाल होते आणि ती ते लपवत नव्हती.

"राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "राज्य स्पर्धेतही काटा असतो."