पत्र्याएवढी सरहद्द

दार आहे मी, जुनं. हसू नका मित्रांनो! उंचीला तुमच्या तळहाताएवढं, पातळ पत्र्याचं, पण दारच. आल्प्सच्या आमच्या खोऱ्यात कबरीवर लोखंडी क्रूस उभा करतात. क्रूसाच्या मधोमध एक छोटी पेटी, पेटीत गेलेल्या माणसाच्या नावाची पट्टी आणि पेटीला मी. ऊनपावसाने नाव पुसू नये, एवढंच माझं काम.

इंगेनुइन लोहाराने मला घडवलं ते कासियानसाठी. डोंगरावरून गवताची घसरगाडी उतरवताना कासियान बर्फात गाडला जाऊन गेला. तेव्हा इथे व्हिएन्नाच्या सम्राटाचं राज्य होतं. कासियान म्हणजे इंगेनुइनचा जिवाभावाचा मित्र. निळ्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत त्याने नाव काढलं आणि मला बिजागरीवर चढवताना डोळे पुसले.

कासियानची बायको वाल्बुर्गा दर रविवारी यायची. टिचकी मारायची, मला उघडायची, नाव मोठ्याने वाचायची आणि मग नवऱ्याची हजेरी घ्यायची. "कासियान, ऐकतोयस ना? गाय व्याली. तुझा रोमेड चालायला लागलाय, हट्टीपणात थेट तुझ्यावर गेलाय. आणि तू बरा पडलायस इथे निवांत!" किती सुखाचे दिवस होते ते! दर रविवारी मी तिच्या पावलांची वाट पाहायचे.

मग मोठी लढाई झाली. सम्राट गेला, सरहद्द उचलून वरच्या खिंडीत नेऊन ठेवली आणि आम्ही झोपल्या जागी इटलीच्या राजाचे झालो. राजा कुणीही असो, गाईला काय त्याचं, असं लोक म्हणाले. पण नव्या हुकूमशहाचे काळे सदरेवाले आले. शाळेतली आमची जर्मन भाषा गेली, गावांची नावं गेली आणि शेवटी हुकूम सुटला की कबरीवरची नावंसुद्धा इटालियनच हवीत. मेलेल्यांनाही सोडलं नाही मेल्यांनी!

इंगेनुइनने युक्ती काढली. आतल्या नावाला हातच लावला नाही. मला बंद केलं, कडेने कथलाचा डाग देऊन पेटीला सांधून टाकलं आणि माझ्या तोंडावर रंगवलं, 'कासियानो'.

वाल्बुर्गा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "हा कासियानो कोण बाई? याच्याशी माझं लग्न कधी लागलं?"

"हळू बोल. तुझा नवरा आत सुखरूप आहे," इंगेनुइन म्हणाला.

तपासणीला आलेल्या कारकुनाने मला बोटाने वाजवून पाहिलं. "आत काय आहे?"

"कबरीत काय असतं, साहेब?"

कारकुनाने टोपी काढली आणि तो पुढे गेला.

त्यानंतर वाल्बुर्गा टिचकी मारून बंद दाराशीच बोलायची. तिची बोटं मला जाणवायची, पण उघडणं माझ्या हातात कुठे होतं?

रोमेड तिशीला आला तोवर व्हिएन्नाही जर्मनीने गिळलं होतं. तेव्हा जर्मनी आणि इटलीच्या सरकारांनी आपसात ठरवलं, की जर्मन बोलायचं असेल त्याने खिंडीपलीकडे जर्मनीत जावं आणि राहायचं असेल त्याने इटालियन व्हावं. गाव उभं चिरलं गेलं. जाणारे राहणाऱ्यांना फितूर म्हणू लागले, त्यांच्या दारांना शेण फासू लागले. रोमेड जायला निघाला. मायलेकांचं भांडण माझ्यासमोरच झालं.

"चल आई. इथे आपलं काय उरलंय?"

"हा उरलाय." तिने माझ्यावर हात ठेवला. "याला कुणाच्या भरवशावर टाकू?"

"मेलेल्यासाठी जित्या मुलाला सोडतेस?"

"मी कुठे सोडतेय? जातोयस तू."

रोमेड म्हणाला, "मी परत येईन. हे दार मीच उघडीन. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस."

पुढे दुसरी मोठी लढाई पेटली, जर्मन फौजा आल्या, त्याही गेल्या. पुन्हा इटली आली, पण या वेळी जुन्या नावांना मोकळीक मिळाली. शेजारची दारं एकेक करून उघडली. इंगेनुइन हत्यारं घेऊन आला. "आता तरी उघडू?"

"रोमेड उघडणार म्हणालाय ना? मग!"

लढाईतून रोमेड वाचला, पलीकडेच कुठेतरी त्याने संसार मांडला, एवढं गावाला कळलं. तो मात्र आला नाही. वाल्बुर्गाची टिचकी वर्षागणिक हलकी होत गेली. गवतकापणीच्या दिवसांत तीही गेली. आमच्याकडे नवराबायकोला एकच क्रूस असतो, नावंही एकाच पेटीत. पण इंगेनुइनने तिचा शब्द मोडला नाही. त्याने माझ्यावरचा 'कासियानो' खरवडला आणि तिथेच लिहिलं, 'वाल्बुर्गा'.

मित्रांनो, नवरा आत, बायको बाहेर आणि मधे मी. पत्र्याएवढी सरहद्द! मोठ्या सरहद्दी राजे आखतात; मला तर एका मित्राने मायेने बंद केलं होतं. तरी मधे आले ते मीच. किती हिवाळे मी मनातल्या मनात म्हटलं, ये रे रोमेड, ये एकदाचा.

आणि तो आला. केस पांढरे, हातात काठी. माझ्यावरचं नाव वाचून माझ्यासमोर खाली बसला. "आई, आलो गं," म्हणाला, "फार उशीर केला." मग खिशातल्या चाकूने त्याने डाग खरवडला. मी करकरत उघडले. आत कासियानचं नाव कालच लिहिल्यासारखं निळं-सोनेरी!

पण मला पुरतं उघडलं की आईचं नाव मागे जाई. मिटलं की बापाचं झाकलं जाई. रोमेडने मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. रडता रडता त्याला हसू आलं. "दोघांना एकत्र बघूच देत नाहीस होय रे दारा?"

मग त्याने मला अर्ध्यावर आणलं आणि बिजागरीत एक खडा बसवला. जरा तिरकं उभं राहिलं की दोन्ही नावं दिसू लागली. ती मोठ्याने वाचून, मला एक टिचकी मारून तो गेला. पुन्हा काही आला नाही.

खिंडीतल्या सरहद्दीचा अडसर आता काढून टाकलाय म्हणे. इथे वारा मात्र पूर्वीसारखाच वाहतो आणि माझा खडा पाडतो. म्हणून मित्रांनो, कधी या बाजूला आलात तर मला तेल घालू नका, रंगही देऊ नका. मिटलेलं दिसले तर अर्ध्यावर उघडा आणि खाली वाकून बघा, खडा तिथेच पडलेला असतो.