उमाजीचा बूझम फ्रेंड

माझा थोरला भाऊ उमाजी सोनपेठच्या शाळेत इंग्रजीत कधी धड पास झाला नाही, पण जिवलग दोस्ताला इंग्रजीत काय काय म्हणतात ते त्याला तोंडपाठ होतं. रंगनाथ सरांनी एकदा अख्खा तास त्याच्यावरच घालवला होता. बूझम फ्रेंड म्हणजे काळजाजवळचा. राइट हँड म्हणजे उजवा हात. अल्टर इगो म्हणजे दुसरा मीच. मग सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, तुझा कोण? पाटलाच्या किशनरावाला वाटलं, वर्ग आपलंच नाव घेईल, आणि बहुतेकांनी घेतलंही. उमाजीनं मात्र बौद्धवाड्यातल्या सितारामचं नाव घेतलं आणि फळ्यावरचे सगळे शब्द त्याला एकट्याला देऊन टाकले. वर्ग खो खो हसला. किशनराव हसला नाही.

घरी आल्यावर हा मेंढरांमागं तेच शब्द ओरडत हिंडायचा. माझी शाळा चौथीत सुटली, तरी आमच्या गावात अल्टर इगो म्हणजे काय ते मला आणि मेंढरांना ठाऊक होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. सिताराम तेव्हा परभणीला कॉलेजात होता. नाव बदललंच पाहिजे, असं तो सोनपेठच्या भर बाजारात उभा राहून बोलला आणि ते गावात पोचायला वेळ लागला नाही. बौद्धवाडा रिकामा झाला. त्याची आई तानुबाई पूर्णेला भावाकडे गेली. म्हाताऱ्या माणसांना वाटेला लावता लावता सिताराम मागं राहिला, आणि भर दुपारी धापा टाकत माळावरच्या आमच्या मेंढवाड्यात आला.

आई त्याच्यावरच खेकसली. "पोरा, तुला लपवायला आमच्याकडं हाय काय? वर आभाळ अन् खाली लेंड्या!"

बोलता बोलताच तिनं स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून त्याच्या डोक्यावर टाकली. मेंढरांच्या दाटीत तो उकिडवा बसला. पावसाची भुरभुर होती. काळी मेंढरं, काळी घोंगडी. पण माझं काळीज असं धडधडत होतं, की वाटलं, तेवढ्यानंच मेंढरं बुजतील.

किशनराव आला तो दहा-बारा जण घेऊन. काठ्या होत्या, दोघांकडं कुऱ्हाडी होत्या. मेंढवाड्याच्या काट्यांच्या कुंपणाशी तो थांबला.

"उम्या, तुझा बूझम फ्रेंड कुठाय?"

"मला काय ठावं, किशनराव," उमाजी म्हणाला.

"राइट हँड ना तुझा? सोताचा उजवा हात कुठाय ते ठावं न्हाई तुला?" किशनराव जवळ सरकला. "अन् अल्टर इगो. दुसरा तूच ना त्यो? मंग त्याच्या वाट्याचं तूच खातूस का?"

माणूस इतकी वर्षं एवढं इंग्रजी उगीच जपून ठेवत नाही. त्या तासाचं त्याच्या पोटात राहिलं होतं. विद्यापीठ हे निमित्त.

एक जण कुंपण ओलांडायला निघाला, तसा किशनरावानं त्याला अडवला. "चिखल कशाला तुडवायलायस? धनगर भंडारा उचलून खोटं बोलत न्हाई. उचल रे उम्या. सिताराम हितं न्हाई म्हण, आमी चाललो."

खंडोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोललं तर घराचं वाटोळं होतं, हे आमच्यात लेकराला दुधाबरोबर पाजलेलं. उमाजीनं मेढीला टांगलेली पिशवी काढली आणि मूठभर हळद घेतली. बोटांमधून पिवळी धूळ गळत होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण खोटं! मेंढरं मेली तर मरू देत, मी मेले तरी चालेल!

उमाजीनं तोंड उघडलं.

"नको बोलू, उमाजी." सिताराम मेंढरांमधून उभा राहिला होता. त्याला देव नव्हता, पण उमाजीला आहे, हे तो जाणत होता. "मी हाय हितं."

काठ्या वर गेल्या. त्यांच्या आधी उमाजी त्याच्यापाशी पोचला, आणि मुठीतला सगळा भंडारा त्यानं सितारामच्या कपाळाला फासला.

"येळकोट येळकोट जय मल्हार! ह्यो देवाला सोडला. आता कोण काठी घालतंय, घाला!"

देवाला सोडलेल्या मेंढ्याला आम्ही असाच भंडारा लावतो. तो उभ्या पिकात शिरला तरी कुणी त्याला काठी लावत नाही. माणसाला असं सोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं. कुणी हलेना.

"अरे, त्यो कुठं देव मानतोय!" किशनराव ओरडला.

म्हातारा लिंबाजी त्यांच्यातलाच. त्यानं काठी खाली घेतली. "त्यो न्हाई मानत. आपुन मानतो की," असं म्हणून तो वळला. मग एकेक करत सगळेच वळले. किशनराव शेवटी निघाला. "दिस मावळायच्या आत गाव सोड," एवढं बोलून गेला.

उमाजी हसत होता, रडत होता. सिताराम मेंढरांच्या पाण्याच्या डोणीपाशी गेला आणि कपाळ धुऊ लागला. त्याच्या बापानं धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून गोदावरीत सोडले होते. हळद काही केल्या निघत नव्हती. तो चोळत राहिला, कपाळ लाल होईपर्यंत.

"मेंढरू केलंस माझं," तो म्हणाला. "इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर?"

"न्हाई म्हणलो असतो."

"म्हणून न्हाई इचारलं," उमाजी म्हणाला.

सिताराम उठला. आईनं बांधून दिलेली भाकरी घेतली आणि पूर्णेची वाट धरली. जगला तो. शिकला, नोकरीला लागला, लेकराबाळांचा झाला. आमच्या मेंढवाड्यावर मात्र पुन्हा कधी आला नाही.