आचलची नडगी

मंडईला, आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला, आलेले पाहुणे परतले त्याच सकाळी माझी नात आचल डांबरी रस्त्यावर रोजच्या चौपट धावली. मंडईत सरावाचे चार दिवस बुडाले होते, ते तिने एका दमात भरून काढले! पोलीस भरतीची धाव दोन महिन्यांवर आली होती. संध्याकाळी तिला पायरी उतरवेना. दोन्ही नडग्या ठणकत होत्या.

मी मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करून रगडून रगडून चोळलं. सकाळी दुखणं दुप्पट. आमगावहून गाडी धरून गोंदियाला अंजू मॅडमकडे गेलो. त्या खेळाडूंच्या दुखापती बघतात. त्यांनी नडगी दाबून पाहिली.

“दादी, रगडा किसने?”

“मीच. काऊन?”

“अब मत रगडना. एकाच जागी दुखत असतं तर हाडाची चिंता होती. हे लांबवर पसरलंय. बर्फ लावा, दोन आठवडे धावणं बंद. मग मातीवर, थोडं चालणं, थोडं धावणं.”

आचल रडायलाच लागली. “दोन आठवडे? मंग माही भरती गेली!”

मला माझी भाताची पहिली रोवणी आठवली. चार दिवसांच्या तापातून उठून, बुडालेलं भरून काढायला मी पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावायला बांधीच्या चिखलात उतरले, तर रुक्माबाई मुकादमणीने दुपारीच बाहेर काढलं. तिच्याच आवाजात मी आचलला म्हटलं, “बुडाले ते दिवस बुडाले. आज अर्धी पात धर, उद्या पुरी. कंबर मोडली त पऱ्हे तुहा बाप लावल काय?”

रडता रडता पोरगी हसली.

पंधरा दिवसांनी शाळेच्या मैदानावर मी घड्याळ घेऊन बसू लागले. मिनिटभर धाव, मिनिटभर चाल. तिने चोरून एक फेरी वाढवली की मी अशी ओरडायचे की मास्तर बाहेर येत. दर आठवड्याला थोडंच वाढवलं. नडगी गप्प राहिली.

भरतीच्या दिवशी मी मैदानाच्या जाळीला चिकटून उभी. आठशे मीटर! पहिल्या फेरीला आचल पाचवी. पण पाय सरळ पडत होता, लंगडणं नाही! शेवटच्या वळणावर तिने दोघींना मागे टाकलं, मग तिसरीला. “आचल! आचल!” माझं ऐकून शेजारचे अनोळखी बापही ओरडायला लागले.

धाव संपवून ती जाळीपाशी आली. “बस, बाई, बस,” मी म्हटलं.

“आताच बसलो त पिंडऱ्या धरतेत, आजी. चाल माह्यासंग.”

ती आतून, मी बाहेरून, चालत राहिलो.

“किती लागले? सांग ना!”

“दोन मिनिटं सत्तेचाळीस! पुरे गुण!”

मी तिला तीनदा पुन्हा सांगायला लावलं.