भिंतीकडे तोंड

मित्रांनो, मी एक सिमेंटचा बाक आहे. जुना, पण कंबर अजून ताठ आहे बरं का! रोह्यात साच्यातून निघालो, टेम्पोत उताणा पडून पेणला आलो आणि या चार मजली इमारतीच्या आवारात बसवला गेलो. गाड्या वळवायला जागा हवी, म्हणून मला आणि माझ्या जोडीदाराला भिंतीकडे तोंड करून एका रांगेत लावलं. "काय झकास दिसतायत!" म्हणून सगळे खूश. दिसायला झकास, पण भिंतीशी माणूस बोलणार काय? लोक यायचे, मोबाइल बघायचे, उठून जायचे.

मग पुतळीआजी आल्या. त्यांचा जन्म मिठागरावर गेलेला. आजोबा वारल्यावर मुलगा साहिल त्यांना इकडे घेऊन आला. तो नागोठण्याला कंपनीत शिफ्टला, सूनही दिवसभर नोकरीवर. आजी माझ्यावर बसून भिंत बघायच्या. एकदा फोनवर म्हणाल्या, "साहिल, मना गावाला सोड. हितं बोलायला मानूस नाय." गावातलं घर कुलूपबंद, शेजारही पांगलेला. तिथं तरी कोण होतं? त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटलं. सिमेंटचा असलो म्हणून काय झालं!

शेवटी साहिल सोडायला तयार झाला. जाण्याआधी लेकाला बिरडं करून घालावं म्हणून आजींनी वाल भिजवले, तेही गावच्या मापानं! तिकडे मोड आले की अख्खी आळी सोलायला बसायची. इथं परात घेऊन एकट्याच खाली आल्या.

तळमजल्यावरची नमिता हसली. "अगंबाई, एवढे वाल? घरात लग्न आहे का?"

"लगीन कसला गो! हात सवयीनं गेला. बस, सोल."

नमिता बसली. पण एका रांगेत बसून मधल्या परातीकडे वळता वळता दोघींच्या माना अवघडल्या. आजी तरातरा उठल्या. "जनू, हा बाक फिरव रे!"

वॉचमन जनूनं दोघांना हाक मारून मला ओढलं. माझा एक टवका उडाला, उडू दे! मी जोडीदाराच्या समोर आलो आणि मधे परात. सुरभीताई वरून उतरल्या, सुजयकाकाही आले. मग काय, गप्पांना नुसता ऊत!

परात अर्धी झाली आणि साहिल बॅग घेऊन आला. "आये, चल. रिक्षा लवकरच आली."

आजींचे हात थांबले नाहीत. "मी गेले तर या नमिताला शिकवंल कोन? साल काढताना वालच मोडतंय!"

"ऐकलंस ना?" सुरभीताई म्हणाल्या. "बॅग वर ने आधी."

साहिल हसला आणि डोळे पुसत बॅग वर घेऊन गेला.

मित्रांनो, आम्हाला दरवर्षी रंग नाही दिलात तरी चालेल. पण मांडाल तेव्हा माणसाला माणूस दिसेल असं मांडा. आणि कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर "जागा आहे का?" एवढं विचारा. जागा असतेच.