निळ्या-हिरव्याच्या मधे

तिने साबणाने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे केले आणि मगच तबकाला हात लावला. तबकात कोटाच्या बटणाएवढ्या रंगीत चकत्या होत्या, कशाही विस्कटलेल्या. एका टोकाला निळी चकती पक्की बसवलेली, दुसऱ्या टोकाला हिरवी. मधल्या चकत्या अशा लावायच्या, की निळा रंग हळूहळू हिरव्यात विरघळत जावा.

"मॅडम, तुमची परीक्षा घ्यायची म्हणजे माशाला पोहायला शिकवणं," बारक्या म्हणाला. "पण वरचा हुकूम आहे. कोणीही येवो, चाचणी झालीच पाहिजे."

"मग घ्यायचीच. आणि तुम्ही उगाच..."

"मला 'तुम्ही' काय म्हणता!"

"बरं. घड्याळ लावलंस का तू?"

बारक्या आता बारीक राहिला नव्हता. शिवणदोऱ्याच्या जुन्या कारखान्यात तो तिच्या हाताखाली लागला तेव्हा फुंकर मारली तर उडेल असा होता. तेव्हा चिकटलेलं नाव पुढे अंग सुटलं तरी सुटलं नाही. इथे, या दुसऱ्या दोऱ्याच्या कारखान्यात, तो रंगखात्याचा प्रमुख होता, गळ्यात ओळखपत्र आणि दारावर पाटी.

जुन्या कारखान्यात रंगवलेला दोरा बाहेर जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचा. ती तो गिऱ्हाइकाच्या कापडावर धरायची, खिडकीकडे वळायची आणि 'चालेल' म्हणायची किंवा 'परत'. तिच्या 'परत'वर अपील नव्हतं. रंगवणारे कामगार म्हणायचे, "बाई झोपल्या तरी एक डोळा आमच्या दोऱ्यावर असतो."

तो कारखाना बंद पडला तेव्हा ती रडत बसली नाही. लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान नावापुरतं उरलं होतं. लेकीने तिला वेळापत्रक आखून दिलं आणि तिने ते डॉक्टरच्या औषधासारखं पाळलं. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट बांधून ती जेवणाच्या टेबलाशी बसायची. मन भरकटू नये म्हणून फोन कपाटात. दुपारपर्यंत अर्ज, मग कॉम्प्युटरचा क्लास, संध्याकाळी आरशासमोर उभं राहून इंग्रजीतून स्वतःची ओळख. दुपारी पाठ टेकायची नाही, हा तिने स्वतःच घातलेला नियम.

"कारखान्यात होतीस तेव्हा निदान रविवारी तरी भेटायचीस," नवरा म्हणायचा.

ती हसायची, पण टेबल सोडायची नाही. अर्जांना उत्तरं फारशी येत नव्हती. आलीच तर 'आपला अनुभव दांडगा आहे' इथपर्यंत गोड असायची आणि पुढच्या ओळीत हात वर. हल्ली संध्याकाळी कॉम्प्युटरचा पडदा मळकट दिसायचा. तिने तो पुसून पाहिला, मग खोलीतला दिवा बदलला. शिकायचं इतकं बाकी होतं, की रोजचा दिवस अपुरा पडायचा. डोळ्यांचा सराव तेवढा कुठल्याच रकान्यात नव्हता. डोळे काय, ते होतेच.

आताही बोटं आपोआप चालली. दिव्याच्या पेटीतल्या पांढऱ्या उजेडात ती एकेक चकती उचलत होती, शेजारणीला लावून बघत होती, सरकवत होती. कितीतरी महिन्यांनी तिला आपण कामावर आहोत असं वाटलं. वेळ संपायच्या आतच ती मागे टेकली. निळ्यापासून हिरव्यापर्यंत ओळ कशी पाण्यासारखी वाहत होती.

"झालं."

बारक्या तबकावर वाकला. त्याचं बोट डावीकडून चकत्यांवरून सरकत आलं आणि मध्यावर थबकलं. ओठांवरचं हसू जागच्या जागी होतं, फक्त डोळे त्यात सामील नव्हते.

"काय रे?"

"काही नाही. छान आहे." त्याने मान खाजवली. "मॅडम, उजेड जरा कमी नाही वाटत? दिवा जुना झालाय हा. पुन्हा एकदा नजर फिरवता का? मी तोवर चहाचं बघतो."

"पण वेळ संपत आली असेल."

"वेळेचं राहू द्या."

जाताना त्याने दार ओढून घेतलं.

तिने दिव्याकडे पाहिलं. दिव्याला काही झालं नव्हतं. मग ओळीकडे पाहिलं. प्रत्येक चकती आपापल्या जागी होती. पैजेवर सांगितलं असतं तिने. तरी बारक्याचं बोट जिथे थबकलं होतं तिथली एक चकती तिने उचलली आणि उलटी केली. प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक असतो. उमेदवारांपैकी कोणी चकती उलटी करायला गेला, तर जुन्या कारखान्यात ती त्याच्या हातावर चापट मारायची.

तिने शेजारची उलटली. मग तिच्या पुढची. टोकाकडचे आकडे सरळ चालले होते. मधे मात्र ते मागेपुढे झाले होते, एक पुढे गेलेला, दोन मागे राहिलेले, असं पार हिरव्याच्या अलीकडपर्यंत.

तिने सगळ्या चकत्या आकड्यांप्रमाणे लावल्या आणि सुलट्या केल्या. आता समोर होती ती खरी ओळ. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. तबक जवळ ओढलं, लांब धरलं. आधीच्या ओळीत आणि या ओळीत काहीतरी फरक दिसायला हवा होता. ती तो शोधत राहिली. तिच्या डोळ्यांना दोन्ही ओळी एकच होत्या.

वय होत जातं तशी डोळ्याच्या भिंगावर पिवळट झाक चढते, आणि आधी दगा देतो तो निळ्या-हिरव्याच्या मधला पट्टा. हे बारक्याला तिनेच शिकवलं होतं.

बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत नेली. समोरची ओळ बिनचूक होती. हात मांडीवर ठेवून गप्प बसणं, एवढंच करायचं होतं. ती तशी बसलीही थोडा वेळ. मग तिने मधल्या चकत्या विस्कटल्या आणि पुन्हा लावायला घेतल्या. आकडे न बघता, डोळ्यांना दिसतील तशा. चुकीच्याच लागणार, हे तिला माहीत होतं. लावता लावता तिने वाक्य जुळवलं. 'राहू दे बारक्या, माझं आता नाही जमायचं.' एवढं म्हणायचं आणि उठायचं. आवाज साधा ठेवायचा.

बारक्या स्वतःच दोन कप घेऊन आला. कप ठेवले, बसला. तबक पुढे ओढून त्याने बराच वेळ पाहिलं. एकही चकती उलटली नाही.

"बरोबर," तो म्हणाला. "अगदी बरोबर आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो कपाकडे बघत होता.

"असं आहे मॅडम, इथे आता मशीन आहे. दोरा ठेवला की आकडा तेच देतं. पण गिऱ्हाइकाला कागदावर माणसाची सही लागते, कोणातरी जुन्या जाणत्याची. तुम्ही फक्त सही करायची. डोळ्यांना त्रास असा काही नाही."

"आणि मशीनचं चुकलं तर?"

"मशीन चुकत नाही, मॅडम."

तो हे मऊपणे म्हणाला. जुळवून ठेवलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिने ते बाहेर काढायला म्हणून तोंड उघडलं, आणि मग तसाच कप उचलून चहाचा घोट घेतला. चहा कोमट झाला होता. तिने तो सगळा संपवला.

"कधीपासून येऊ?"

"सोमवारी या ना. साडेआठला."

"तुम्ही म्हणाल तसं."

या वेळी 'तुम्ही'ला त्याने हरकत घेतली नाही. त्याने तबकावर झाकण लावलं आणि ते कपाटात, वरच्या फळीवर ठेवून दिलं.

फाटकाबाहेर मालाच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या सावलीला थांबून तिने घरी फोन लावला. नवऱ्याने पहिल्याच रिंगला उचलला. हातातच धरून बसला असावा.

"काय झालं?"

"मिळाली."

"काय सांगतेस! अगं, मग आवाज असा का?"

"गाड्यांचा आवाज आहे इथे. ऐकू येत नाहीये नीट."

"चाचणी घेतली का? अवघड होती?"

"घेतली."

"तुला काय अवघड म्हणा!" तो जोरात हसला. तिने फोन कानापासून जरा लांब धरला. "लेकीचं कॉलेज सुटेल आता. तिला मी कळवू, की तूच सांगतेस?"

तिने पदपथाच्या कडेला पाय सरकवला. एक गाडी मागे येत होती.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.