पोळ्याच्या दिवशी अडलेलं शटर

पोळ्याला चिमुरात वेशीवरच्या तोरणाखाली बैल उभे राहतात, तोरण तुटलं की पोळा फुटतो; पण मुखरू यंदा चक्क मोटार उभी करणार होता! बैलजोडी विकून त्यानं ही जुनी मोटार घेतली होती, वरोऱ्याच्या ठेसनावर धान न्यायला. घराला लागून तिची खोली, खोलीला वरच्या नळीवर गुंडाळलं जाणारं लोखंडी शटर. नववीतल्या अन्नपूर्णेनं सकाळपासून बापाच्या मोटारीला बेगड लावली, घुंगरं बांधली आणि शाळेतल्या साऱ्या पोरींना आवतण दिलं.

दुपारी मोटार बाहेर काढायला शटर वर लोटलं, ते अर्ध्यावर आलं, वरच्या नळीत खाड्‌कन वाजलं आणि दार अडलं.

"स्प्रिंग तुटली," म्हणत मुखरूनं शिडी लावली.

"बाबा, हात नोका लावू! शटर बसवतानी नागपूरच्या मिस्त्रीनं सांगतलं होतं ना, नळीची खीळ काढू नोका म्हून? स्प्रिंगा दोन हायेत. एक तुटली, दुसरी ताणलेलीच हाये."

"मिस्त्री येईन तवा येईन. तोरण आजच तुटते."

तेवढ्यात शेजारचा दसरू सजवलेले बैल घेऊन निघाला. "काहो मुखरूभाऊ, तुमचा बैल गोठ्यातच फसला काय? शेपटी धरून ओढू?"

हे मुखरूला झोंबलं. त्याचा जन्म बैलबंडी हाकण्यात गेलेला. बंडीचं चाक अडलं की आधी खीळ उपटायची, हे हातांना पाठ.

"मेल्या सापाले काय भ्याचं, पोरी?" म्हणत त्यानं खीळ उपटली.

नळी गर्रकन फिरली, त्याचा उजवा हात घेऊनच. शटर धाडकन खाली आलं. अन्नपूर्णा ओरडली, पण वेशीकडे ढोल असे घुमत होते की तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

हात राहिला, पण त्याची मूठ काही वळेना. मोटार सुरू करायला पुढचं हँडल फिरवावं लागे. महिन्याभरानं अन्नपूर्णेनं वाकलेल्या दाराखालच्या फटीतून सरपटत आत जाऊन दोन्ही हातांनी जोर लावला. हँडल अर्धा फेरा फिरलं आणि झटक्यानं मागे आलं.

"राहू दे," मुखरू फटीतून म्हणाला. "तुहाही हात जाईन."

दिवाळीच्या आधी मिस्त्री आला, नव्या स्प्रिंगा घालून गेला. जाताना अभिमानानं म्हणाला, "पाहा भाऊ, आता एका हातानं उघडते."

मुखरूनं डाव्या हातानं शटर वर लोटलं. ते सुळकन गेलं. आत मोटारीवरची बेगड काळवंडली होती. त्यानं हँडलवर उजवा हात टेकवला; मूठ वळली नाही. मग डाव्याच हातानं त्यानं शटर खाली ओढलं.