वहाळाकडची खोली

हेमचंद्र ताम्हाण्यांनी दाढीचं नवं ब्लेड कागदातून सोडवलं, अर्धं मोडलं आणि ट्रेसिंग पेपरवरचा वहाळ खरवडायला घेतला. कागद सरकू नये म्हणून मालिनीबाईंनी दोन्ही तळहातांनी कडा दाबून धरल्या होत्या. ओढ्याची ती वळणदार शाईची रेघ ब्लेडखाली भुकटी होऊन निघत होती. हेमचंद्र मधूनच फुंकर मारून ती भुकटी उडवत, चष्मा वर सारून बघत आणि पुन्हा वाकत. रविवारची दुपार होती. क्वार्टर्सच्या अंगणात कुणाची तरी कुरडयांची परात वाळत होती आणि मालिनीबाईंच्या मनात एकच धास्ती होती, की या माणसाचा हात मध्येच थांबायचा.

धास्ती वाटणारच. तीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात ड्रॉइंग टेबलाशी उभा राहिलेला माणूस. कुणी साहेब आला आणि म्हणाला, ताम्हाणे, ही रेघ जरा इकडे घ्या, तर आधी मशीन इकडे सरकवून या, मग मी रेघ सरकवतो, असं तोंडावर सांगायचा. त्यापायी दोन बढत्या हुकल्या होत्या. मालिनीबाईंनी त्यावरून त्यांना जन्मभर टोमणे मारले, आणि माहेरी गेल्यावर तीच गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगितली. असा नवरा आज स्वतःच्या हाताने कागदावरून वाहता वहाळ पुसत होता. मालिनीबाईंनी कडा आणखी घट्ट दाबल्या.

प्रश्न घराचा होता. हेमचंद्र सप्टेंबरात रिटायर होणार, मग क्वार्टर सोडावी लागणार. बदलापूरला बेलवलीत बारा वर्षांपूर्वी, एक्याऐंशी साली, घेऊन ठेवलेला जमिनीचा तुकडा होता. तोही कसा, तर पुढे रस्ता, मागे वहाळ आणि मधे चिंचोळी पट्टी. त्यावर घर बांधायचं तर परवानगी हवी, आणि परवानगीचा नवा नियम असा होता, की शेजारी वाहता ओढा, वहाळ असेल तर काठापासून नऊ मीटर जागा मोकळी सोडायची. तिथे भिंत नाही, ओटा नाही, संडाससुद्धा नाही. नऊ मीटर सोडले की मागची मोठी खोली गेलीच. उरायच्या पुढच्या दोन.

आणि ती मागची खोली बाळची होती. बाळ म्हणजे त्यांचा एकुलता एक. बडोद्याला नोकरी, गेल्याच वर्षी लग्न झालेलं. आमची वेगळी खोली असेल तर इकडेच नोकरी बघतो, असं तो लग्नाच्या धामधुमीत एकदा म्हणाला होता. किती मनापासून म्हणाला देव जाणे, पण मालिनीबाईंनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. सुनेला उजेड आवडतो, तेव्हा खिडकी पूर्वेला हवी. मग वाटे, नको, पाळण्यावर ऊन यायचं, खिडकी वहाळाकडेच बरी. अजून पाळण्याचा पत्ता नव्हता, पण खिडकी रोज जागा बदलत होती.

वहाळ दाखवूच नका, हा सल्ला उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या गोपालदासचा. प्लॅन पास करून देणं हा त्याचा धंदा. मोठा गोड माणूस. साईं, नाला दिखाओगे तो मकान नहीं बनेगा, पानटपरी बनेगी, असं तो हसत हसत म्हणाला होता. सरकारी नकाशात वहाळ नव्हताच, त्यामुळे कडेला एक रेघ मारून ‘गटार’ लिहिलं की काम फत्ते. हेमचंद्र तेव्हा चहा अर्धा टाकून उठून आले होते. मी गटार काढणार नाही म्हणजे नाही. आठवडाभर घरात त्यावरून भांडणं झाली, मालिनीबाईंनी अबोला धरला, काही उपयोग झाला नाही.

मग होळीला बाळ दोन दिवस येऊन गेला. हेमचंद्र त्याला गाडीत बसवायला कल्याणला गेले, परत आले ते गप्प गप्प. चार दिवस जेवणात लक्ष नाही. आणि आज, आपण होऊन, ब्लेड आणून बसले. मुलाने बापाला चार शब्द समजावून सांगितले असणार, असं मालिनीबाई धरून चालल्या. पोराने जमवलं खरं, आपल्याला जन्मात जमलं नसतं. त्यांना लेकाचं फार कौतुक वाटलं.

खरवडून झालं. कागदाला तिथे केसाळ लव आली होती, ती हेमचंद्रांनी नखाने घासून गुळगुळीत केली आणि दोन सरळ रेघा ओढून आत बारीक अक्षरात ‘गटार’ लिहिलं. अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख आलं होतं.

जागेची तपासणी करायला ओव्हरसियर मे महिन्यात आला. तू येऊ नकोस, असं हेमचंद्रांनी बजावलं होतं. पण मालिनीबाई कसल्या ऐकतायत. उन्हातान्हाचा माणूस येणार, त्याला चहापाणी नको का? थर्मास, कपबशा आणि डब्यात खाजाची करंजी असा सगळा जामानिमा घेऊन त्या पुढे झाल्या.

मे महिन्यात वहाळाची रया गेलेली असते. तळाशी गोटे, मधे वाळलेलं गवत, त्यात हरिचंद्रच्या शेळ्या. हरिचंद्र म्हणजे ज्याच्याकडून ही जमीन घेतली तो आगरी शेतकरी, शेजारीच राहायचा. त्यालाही आधी सांगून ठेवलं होतं. ओव्हरसियरने विचारल्यावर तो खांदे उडवून म्हणाला, नाला कसला सायेब, पावसाचं पानी जातं, झालं. एवढं बोलून तो शेळ्यांच्या मागे निघून गेला. ताम्हाणे साहेबांच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती झाली नसावी.

ओव्हरसियर पोरसवदा होता, जयदेव भोपी नावाचा. इकडचाच, सोनिवलीजवळचा. आला तोच काकू-काका करत. त्याने टेप धरून पुढची बाजू मोजली, मागची मोजली, वाळलेल्या पात्राकडे एकदा बघितलं, प्लॅनवरच्या अक्षराकडे बघून म्हणाला, अक्षर काय झकास आहे हो तुमचं. हेमचंद्र हात मागे बांधून उभे. सगळं सुरळीत चाललं होतं. आता सही झाली की सुटलो, असं मालिनीबाईंना वाटलं आणि त्या सुटकेच्या आनंदात त्यांनी त्याला बळेबळेच सावलीत बसवलं, चहा ओतला, करंजी पुढे केली.

करंजी खाता खाता तो सहज म्हणाला, तुम्ही ताम्हाणे, म्हणजे मासे खाणारे ना? आता हा प्रश्न का कायस्थाच्या बाईला विचारायचा? मालिनीबाईंचा चेहरा फुलला. अंबरनाथला मासे कसे बर्फातले येतात, कल्याणची कोळीण कशी फसवते, इथून सुरुवात झाली. तो आगऱ्याचा पोर, तोही काही कमी नव्हता. आमच्या घरी आखाडात मुठ्यांशिवाय, म्हणजे ओढ्यातल्या खेकड्यांशिवाय जेवण नसतं, असं तो म्हणाला मात्र.

“मुठे?” मालिनीबाई म्हणाल्या. “अहो, मुठे खावेत ते इथले.”

आणि मग त्यांना कोण थांबवणार! बारा वर्षांपूर्वीचा आखाडातला रविवार त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. जमीन बघायला तिघं आले होते. बेलवलीत तेव्हा काय होतं? चार घरं आणि बाकी नुसती भातखाचरं. जमीन बघायची राहिली बाजूला, वहाळ बघूनच त्या वेड्या झाल्या. गुडघ्याच्या वर पाणी, आणि त्याचा तो आवाज, शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. हरिचंद्रची आई, सखूबाई, कासोटा मारून पाण्यात उतरलेली. दगडाखाली हात घालायची आणि मुठा बाहेर, दगडाखाली हात आणि मुठा बाहेर. बाळ तेव्हा नववीत. त्याला एकाने असा डेंगा दिला, नांगी अशी रुतवली, की पोराने वहाळ डोक्यावर घेतला. आणि हे, हे तुमचे काका, कधी घोट्याच्या वर पँट न घेणारे, मांडीपर्यंत दुमडून पाण्यात शिरले, आणि बाळचं बोट सोडवता सोडवता पाय घसरून असे बसले, की त्यांचा चष्मा पार त्या वळणापर्यंत वाहत गेला. सखूबाईने धावत जाऊन पकडला. त्या दिवशी सखूबाईच्या चुलीपाशी बसून मुठ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली, तशी चव पुन्हा कुठे मिळाली नाही. परतताना गाडीत मालिनीबाईच म्हणाल्या होत्या, अहो, हीच जमीन घ्या, मला ते पाणी रोज ऐकायचंय.

सांगता सांगता त्या आजपर्यंत येऊन पोचल्या. सखूबाई गेली, बाळ मोठा झाला, बघता बघता केस पांढरे झाले. पदराने डोळे टिपून त्यांनी वर बघितलं, तर जयदेवच्या हातातली करंजी तशीच होती. तो पात्राकडे बघत होता. मग त्या वळणाकडे, जिथपर्यंत चष्मा वाहत गेला होता.

आपण काय बोलून बसलो ते मालिनीबाईंच्या ध्यानात आलं.

“काकू,” जयदेव अगदी हळू म्हणाला, “गटारात मुठे नसतात.”

खाली शेळ्या गवत ओरबाडत होत्या. मालिनीबाई सारवासारव करायला तोंड उघडणार, एवढ्यात हेमचंद्र पुढे आले.

“वहाळ आहे,” ते म्हणाले. “मी काढला होता. नंतर खरवडला.”

जयदेवने करंजी डब्याच्या झाकणावर ठेवली. त्याचाही जीव कानकोंडा झाला होता. तो म्हणाला, की एरवी मी सही करून गेलो असतो, पण आता ऐकलंय. साहेब, वहाळ परत काढून आणा. काठापासून नऊ मीटर सोडून जेवढं बसेल तेवढ्याला पावसाच्या आत परवानगी मिळेल, त्यात मी आडकाठी येऊ देणार नाही. त्याने गुंडाळलेला प्लॅन दोन्ही हातांनी हेमचंद्रांना परत दिला, काकूंना वाकून नमस्कार केला आणि सायकलला टांग मारून गेला.

तो दिसेनासा झाला तसा मालिनीबाईंना रडू फुटलं. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणाल्या. पोराची खोली आईनेच खाऊन टाकली. आता कुठल्या तोंडाने त्याला सांगू, की बाबा, तुला घरात जागा नाही? सून म्हणेल, सासूला आम्ही यायलाच नको होतो. हेमचंद्र त्यांच्या शेजारी काठावर बसले. नेहमी शब्दाला शब्द देणारा माणूस. चार शिव्या घातल्या असत्या तर मालिनीबाईंना बरं वाटलं असतं.

वाळलेल्या पात्राकडे बघत ते म्हणाले, “बाळ यायचा नाहीये.”

मालिनीबाईंनी मान वळवली.

“तिकडे फ्लॅट बुक केलाय त्याने. होळीला कल्याणला गाडीत बसताना सांगितलं मला. म्हणाला, आईला मी सांगतो, तुम्ही बोलू नका.”

बाळने आईला सांगितलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊकच होतं.

मालिनीबाईंचं रडणं थांबलं. होळी, म्हणजे ते चार दिवसांचं गप्प बसणं. आणि मग तो रविवार, ते ब्लेड. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. कारखान्यातल्या साहेबांना कधी केसभर बधला नव्हता हा माणूस.

“मग एवढं खोटं कशाला काढलंत?” त्यांनी विचारलं. “कोण राहणार होतं त्या खोलीत?”

हेमचंद्र हातातल्या प्लॅनची गुंडाळी उगाच घट्ट करत राहिले.

“तू रोज खिडकी सांगत होतीस,” ते म्हणाले.

मालिनीबाईंना लेकाचा राग यायला हवा होता, तो पुढे कधीतरी येणारच होता. आत्ता त्यांना फक्त शेजारी बसलेला माणूस दिसत होता. त्यांनी थर्मास हलवून बघितला, तळाशी घोटभर चहा होता, तो त्यांच्यासाठी कपात ओतला. ऊन उतरायला लागलं होतं. हरिचंद्रच्या शेळ्या एकामागून एक पात्रातून वर चढून घराकडे निघाल्या.

“ते नऊ मीटर,” मालिनीबाई म्हणाल्या, “तिथे काहीच करता यायचं नाही ना?”

“काही नाही. साधा ओटासुद्धा नाही.”

“आणि पावसाळ्यात इथे नुसतं येऊन बसलं तर?”

हेमचंद्रांनी चहा संपवला आणि कप त्यांच्या हातात दिला.

“बसायला परवानगी लागत नाही,” ते म्हणाले.